कन्यानौका : जीवरक्षक नौकेच्या पाठीवरची लहान होडी

#धागा

२३ फेब्रुवारी १९६७. उत्तर समुद्रावर त्या हिवाळ्यातील सर्वांत भीषण वादळांपैकी एक घोंघावत होते. हेलगोलँड बेटाजवळ ‘बुर्गेमेस्टर फान काम्पेन’ ही डच मासेमारी नौका संकटात सापडली होती आणि तिच्यावर तीन माणसे होती. ‘अडोल्फ बेर्मपोल’ ही जर्मन बचावनौका चार खलाश्यांसह तिच्या मदतीला निघाली. काही वेळाने बिनतारी संदेश आला : तिघेही डच मच्छीमार वाचले आहेत. त्यानंतर बेर्मपोलकडून एकही शब्द आला नाही.

शोध घेणाऱ्यांना ती नौका सापडली. ती बुडालेली नव्हती. समुद्रावर तरंगत, वाहवत चालली होती. पण तिच्यावर एकही माणूस नव्हता. तिच्या पाठीवर एक लहान बोट असे, ‘फेगेझाक’ नावाची. ती वेगळ्या ठिकाणी, उलटलेल्या अवस्थेत आढळली. चार बचावकर्ते आणि त्यांनी वाचवलेले तिघे, सातही जण गेले.

मोठी नौका शाबूत, लहान बोट उलटलेली आणि माणसे दोन्हींवर नाहीत. या तीन गोष्टींचा मेळ घालून तपासकर्त्यांनी जो तर्क बांधला तो असा : मोठ्या नौकेला मच्छीमारांपर्यंत पोहोचता येईना, म्हणून लहान बोट खाली सोडली गेली. तिने तिघांना उचलले. ती परत आली आणि तिच्यातील माणसे मोठ्या नौकेवर चढत असताना, म्हणजे सगळे जण एकाच वेळी सर्वांत असुरक्षित असताना, एक प्रचंड लाट दोन्हींवर कोसळली.

या धाग्याचा विषय तीच लहान बोट आहे. जीवरक्षक नौकेवर आणखी एक नौका कशासाठी? आणि ती पोलादी, लाकडी न राहता हवा भरलेल्या रबराची कशी झाली?

प्रथम एक घोटाळा दूर करू. ‘लाइफबोट’ म्हटले की आपल्याला टायटॅनिकच्या कठड्याला टांगलेल्या होड्या आठवतात. त्या जहाज सोडून पळण्यासाठी असतात. युरोपच्या किनाऱ्यांवर मात्र हाच शब्द उलट दिशेने जाणाऱ्या नौकेसाठी वापरतात : वादळात बंदर सोडून बुडणाऱ्या जहाजाकडे जाणारी नौका. ब्रिटनमध्ये हे काम १८२४ साली स्थापन झालेली ‘रॉयल नॅशनल लाइफबोट इन्स्टिट्यूशन’ (पुढे फक्त ‘संस्था’) करते. तिच्या स्थापनेमागे आयल ऑफ मॅनवर राहणाऱ्या सर विल्यम हिलरी यांचा पुढाकार होता. जर्मनीत तशीच संस्था १८६५ साली कील येथे उभी राहिली. दोन्ही आजही प्रामुख्याने देणग्यांवर चालतात आणि त्यांचे बहुसंख्य खलाशी स्वयंसेवक आहेत.

आता मूळ अडचण. उधाणात टिकायचे तर नौका जड हवी, तिचे बूड खोल हवे, इंजिने दमदार हवीत. परंतु जहाजे फुटतात ती बहुधा खडकांवर, वाळूच्या दांड्यांवर, कड्यांच्या पायथ्याशी. म्हणजे जिथे खोल बुडाच्या नौकेला जाताच येत नाही अशा जागी. नौका जितकी वादळाला योग्य, तितकी ती शेवटच्या शंभर हातांना अयोग्य.

हे दुखणे जुने आहे. ऑक्टोबर १९१४ च्या अखेरीस ‘रोहिला’ हे रुग्णालय-जहाज इंग्लंडच्या व्हिटबी गावाजवळ खडकावर आदळले. किनारा इतका जवळ होता की लोकांना जहाजावरची माणसे दिसत होती. तरीही वल्ह्यांच्या जीवरक्षक नौकांना त्या फेसाळत्या पट्ट्यातून वारंवार मागे फिरावे लागले. अखेर टाइनमथहून आलेल्या मोटरनौकेने उरलेल्या पन्नास जणांना उतरवले, पण तोवर ऐंशीहून अधिक माणसे दगावली होती. (‘रोहिला’ हे नाव आपल्याकडचेच. रोहिलखंडाच्या रोहिल्यांवरून ठेवलेले. जहाज ब्रिटिश इंडिया कंपनीचे होते.)

या अडचणीला पहिले पद्धतशीर उत्तर जर्मनांनी दिले. १९५७ साली ‘थिओडोर हॉइस’ ही सुमारे २३ मीटर लांबीची बचावनौका सेवेत आली. तिच्या पिछाडीला एक उतार होता. त्या उतारावर एक लहान, कठीण बांध्याची, स्वतःचे इंजिन असलेली बोट बसवलेली असे. मागचे दार उघडले की ती घसरत पाण्यात उतरे. काम आटोपले की त्याच उतारावरून वर ओढून घेतली जाई. तिला नाव मिळाले ‘टोख्टरबोट’. टोख्टर म्हणजे मुलगी. मराठीत ‘कन्यानौका’ म्हणायला हरकत नाही. आई खोल पाण्यात थांबते आणि मुलगी उथळात जाते.

कल्पना इतकी यशस्वी ठरली की जर्मन संस्थेच्या त्यानंतरच्या बहुतेक मोठ्या नौका याच धर्तीवर बांधल्या गेल्या. ‘थिओडोर हॉइस’ नावाची बचावनौका अनेक वर्षे म्युनिकच्या ड्यॉइचेस म्युझियमने प्रदर्शनात ठेवली होती. समुद्रापासून शेकडो किलोमीटर दूर असलेल्या शहरात एका बचावनौकेला ही जागा मिळावी, यावरून त्या रचनेचे मोल जर्मन लोक कसे मोजत होते ते कळते.

‘बेर्मपोल’ आणि ‘फेगेझाक’ या नावांमागेही कथा आहे. १८६० च्या सप्टेंबरात ‘अलायन्स’ नावाचे जहाज बोर्कुम बेटाजवळ फुटले आणि त्यावरचे नऊही खलाशी मेले. किनाऱ्यावर बचावाची कोणतीच व्यवस्था नव्हती. या घटनेने व्यथित झालेल्या दोघांनी जर्मनीत बचावसंस्था असावी असे जाहीर आवाहन केले. त्यांपैकी एक होते नौकानयनाचे शिक्षक अडोल्फ बेर्मपोल, राहणार फेगेझाकचे. म्हणजे १९६७ साली जी आई आणि जी मुलगी रिकामी सापडली, त्यांना संस्थेच्या आद्य प्रवर्तकाचे आणि त्याच्या गावाचे नाव होते.

आता रबराकडे वळू, आणि त्यासाठी शंभराहून अधिक वर्षे मागे जावे लागेल.

चार्ल्स मॅकिंटॉश यांनी १८२३ साली रबराचा थर दिलेल्या जलरोधक कापडाचे पेटंट घेतले. इंग्रजीत रेनकोटला मॅकिंटॉश म्हणतात ते त्यांच्यामुळे. १८४० च्या दशकात पीटर हॅल्केट या नौदलाच्या लेफ्टनंटने त्या कापडाचा एक विलक्षण उपयोग केला : अंगावर पांघरायचा झगा, जो भात्याने हवा भरली की होडी होई. वल्ह्याचे पाते आणि शिडासाठी छत्री, एवढाच सरंजाम. हे वाचताना हसू येते, आणि तत्कालीन नौदलाच्या वरिष्ठांनाही बहुधा आले असावे. कल्पना चतुर आहे, पण नौदलाच्या कामाची नाही, असा त्यांचा निर्वाळा होता.

ज्यांना उपयोग कळला ते आर्क्टिकचे प्रवासी होते. ऑर्कनी बेटांवर जन्मलेले डॉ. जॉन रे १८४६ च्या मोहिमेत हॅल्केटची होडी घेऊन गेले आणि नद्या-तळी ओलांडण्यासाठी त्यांनी ती वापरली. पाठीवर नेता येणारी होडी म्हणजे काय, हे बर्फात मैलोन्‌मैल चालणाऱ्या माणसाला समजावून सांगावे लागत नव्हते. त्या होड्यांपैकी एक ऑर्कनीतच, स्ट्रॉमनेसच्या संग्रहालयात, आजही पाहायला मिळते.

पुढे विमाने आली आणि समुद्रात कोसळलेल्या वैमानिकांसाठी हवेचे तराफे आले. फ्रान्समध्ये ‘झोडियाक’ या कंपनीने, जी मुळात वायुनौका बनवीत असे, १९३० च्या दशकात रबरी होड्या घडवल्या. तरीही खवळलेल्या समुद्रात ही वस्तू टिकेल यावर दर्यावर्दी मंडळींचा विश्वास नव्हता. लाकूड आणि पोलाद यांवर वाढलेल्या माणसाला हवेवर बसायला सांगणे सोपे नव्हते.

तो अविश्वास मोडण्याचा विडा उचलला आलँ बोंबार या तरुण फ्रेंच डॉक्टराने. बुडालेल्या जहाजांवरची माणसे भूक-तहानेआधी निराशेने मरतात, असे त्याचे मत होते. ते सिद्ध करण्यासाठी १९ ऑक्टोबर १९५२ रोजी तो कॅनरी बेटांवरून साडेचार मीटरच्या झोडियाक होडीत एकटाच निघाला आणि २३ डिसेंबरला बार्बाडोसला पोहोचला. ६५ दिवस, मासळी, तिचा पिळून काढलेला रस, पावसाचे पाणी आणि थोडे खारे पाणी. होडीचे नाव त्याने ‘लेरेतिक’ ठेवले होते; अर्थ ‘पाखंडी’. त्याच्या आहारविषयक दाव्यांवर वाद झाले आणि ते रास्तही होते. परंतु होडीबद्दल वाद उरला नाही. ती अटलांटिक ओलांडून आली होती.

बोंबारचा दुसरा प्रयोग कमी सांगितला जातो. ३ ऑक्टोबर १९५८ रोजी ब्रिटनी प्रांतातील एतेल या खाडीच्या मुखावर तो हवेचा जीवरक्षक तराफा तपासत होता. एतेलचे मुख बदनाम आहे : वाळूचा सरकता दांडा, त्यावर फुटणाऱ्या लाटा. म्हणूनच ती जागा निवडली होती. तराफा उलटला. मदतीला आलेल्या जीवरक्षक नौकेच्या पंख्यात दोर अडकला, तिचे इंजिन निकामी झाले आणि तीही उलटली. नऊ माणसे मेली. त्यांत बोंबारचे सहकारी होते आणि त्यांना वाचवायला आलेले एतेलचे स्थानिक खलाशीही होते.

या घटनेचा निष्कर्ष ‘रबर वाईट’ असा काढता आला असता. मात्र ती नीट पाहिली तर दोन्ही प्रकारच्या नौका त्या दिवशी हरल्या होत्या. तराफ्याला गती आणि दिशा नव्हती. मोठ्या नौकेला उथळात फिरायला जागा नव्हती. हवे होते ते या दोहोंच्या मधले काहीतरी : हलके, उथळ, पण इंजिन असलेले आणि वळणारे.

ते ‘मधले काहीतरी’ ब्रिटनीच्याच किनाऱ्यावर आकाराला येत होते. तिथले बचावकर्ते इंजिन लावलेल्या रबरी होड्या वापरू लागले होते. १९६२ साली ब्रिटिश संस्थेची माणसे त्या पाहायला फ्रान्सला गेली. त्यांच्यापुढची निकड वेगळी होती. युद्धोत्तर ब्रिटनमध्ये सुट्टीला समुद्रावर जाणाऱ्यांची संख्या झपाट्याने वाढली होती. आता संकटात सापडत होते ते पोहणारे, लहान शिडाच्या होड्यांतले हौशी लोक, भरतीत खडकावर अडकलेली मुले. त्यांच्यासाठी कित्येक टनांची, आठ नॉटने चालणारी नौका घसरपट्टीवरून उतरवेपर्यंत सगळे संपलेले असे.

१९६३ साली ‘डी’ वर्गाच्या रबरी नौका ब्रिटिश किनाऱ्यावर आल्या : सुमारे १६ फूट लांब, मागे ४० अश्वशक्तीचे आउटबोर्ड इंजिन, दोन-तीन खलाशी. त्या कुठल्याही मोठ्या नौकेच्या पाठीवर नव्हत्या. किनाऱ्यावरून थेट सुटत. पण त्यांनी एक गोष्ट कायमची ठरवून टाकली : रबरी होडी हे बचावाचे गंभीर साधन आहे. खडकाला घासली तर ती आदळून फुटत नाही, दबते. पाण्यातला माणूस तिच्या फुगीर काठावरून आत ओढून घेता येतो, आणि त्या काठावर त्याचे डोके आपटले तरी इजा होत नाही. लाकडी होडीबद्दल यांतले काहीच म्हणता येत नाही.

याच सुमारास वेल्समधील सेंट डोनाट्स किल्ल्यात १९६२ साली सुरू झालेल्या अटलांटिक कॉलेजात आणखी एक प्रयोग चालला होता. प्राचार्य होते निवृत्त रिअर अ‍ॅडमिरल डेस्मंड होर. विद्यार्थी शिडाच्या होड्या शिकत आणि त्यांच्या पहाऱ्याला रबरी होड्या असत. खडकाळ किनाऱ्यावर त्यांचे कापडी तळ वारंवार फाटत. मग तळाला प्लायवूड लावले गेले, त्याला लाटा कापणारा आकार दिला गेला, आणि वर्षामागून वर्षे विद्यार्थ्यांच्या हातांनी नवनवे नमुने बनत राहिले. कठीण तळ आणि फुगीर काठ यांच्या या संकराला आज जग ‘रिब’ या नावाने ओळखते. होर यांनी त्याचे हक्क संस्थेला एका पौंडाला दिले. १९७२ पासून ‘अटलांटिक २१’ ही त्या घराण्यातली नौका ब्रिटिश किनाऱ्यावर रुजू झाली. त्याआधी, १९६९ साली, याच कॉलेजातली अठरा वर्षांची नॉर्वेजियन विद्यार्थिनी एलिझाबेथ होस्टवेट संस्थेच्या किनारी नौकेचे नेतृत्व करण्यास पात्र ठरलेली पहिली स्त्री झाली.

भारतीय तटरक्षक दलाच्या गस्ती जहाजांच्या बाजूला टांगलेली करड्या-काळ्या काठांची वेगवान बोट मुंबई बंदरात कधी दिसली, तर तिची वंशावळ या वेल्श किल्ल्यापर्यंत जाते. आणि अशा लहान बोटीला इंग्रजीत ‘डिंगी’ म्हणतात तो शब्द तर हिंदी-बंगालीतून तिकडे गेलेला.

दोन धागे इथे एकत्र येतात. जर्मनांची कन्यानौका उत्तम होती, पण जड. तिला वाहायचे तर आईची पिछाडीच तिच्याभोवती बांधावी लागे. ब्रिटिश संस्थेच्या नौका आकाराने लहान, अनेक ठिकाणी घसरपट्टीवरून सोडल्या जाणाऱ्या. त्यांच्यावर पोलादी कन्या बसवायला जागाच नव्हती. रबराने ही अडचण सोडवली. १९६० च्या दशकात आलेल्या ७० फुटी ‘क्लाइड’ वर्गाच्या नौकांवर लहान रबरी होडीची सोय होती. त्यांतली एक ऑर्कनीतल्या कर्कवॉल बंदरात तैनात होती, म्हणजे हॅल्केटच्या झग्याची होडी जिथे संग्रहालयात आहे त्याच बेटांवर. १९७१ पासून आलेल्या ‘अरुन’ वर्गाच्या अनेक नौकांवरही ती असे. हिला संस्थेच्या परिभाषेत ‘वाय’ वर्ग म्हणतात. ‘ट्रेंट’ वर्गाच्या जरा लहान नौकांवर तिची आणखी धाकटी बहीण, ‘एक्सपी’, असते.

१९९० च्या दशकात आलेली ‘सेव्हर्न’ ही संस्थेच्या आजच्या ताफ्यातली सर्वांत मोठी नौका : १७ मीटर लांब, ४० टनांच्या आसपास वजन, २५ नॉट वेग. तिचे बूड पावणेदोन मीटरहून अधिक खोल जाते. तिच्या छतावर ‘वाय’ होडी बांधलेली असते आणि छोट्या यारीने ती पाण्यात उतरवतात. माणसाच्या दोन उंच्यांहून फारशी लांब नसलेली ही होडी, तिच्यावर साधारण १५ अश्वशक्तीचे इंजिन. रडार नाही, छप्पर नाही. उलटली तर आपोआप सरळ होण्याची सोय नाही, जी मोठ्या नौकेला असते.

कामे मात्र तिच्या वाट्याला येतात ती अशी : कड्याखाली भरतीने कोंडलेल्या माणसांना काढणे, वाळूत रुतलेल्या शिडाच्या नौकेपर्यंत ओढदोर नेणे, गुहेच्या तोंडाशी जाणे, जखमी माणसापर्यंत प्रथमोपचार जाणणारा खलाशी पोहोचवणे. कधी मोठी नौका वाऱ्याच्या बाजूला नांगर टाकते आणि लहान होडी दोराच्या आधाराने हळूहळू खडकांकडे सोडली जाते. इंजिन दगा देईल तर ओढून घेता यावे म्हणून.

इथे तांडेलाची खरी परीक्षा असते. मोठ्या नौकेवरचे सहा-सात जण तुलनेने सुरक्षित असतात. त्यांतल्या दोघांना तो त्या छोट्या होडीत बसवून, जिथे आपण स्वतः नौका नेऊ शकत नाही तिथे, पाठवतो. ही आज्ञा वाऱ्याचा जोर मोजून देता येत नाही, कारण खडकांमागे लाटा कशा वळतात ते कुठल्याच उपकरणावर दिसत नाही. रबरी कन्येच्या इतिहासात तंत्र पुष्कळ बदलले. हा निर्णय यांत्रिक करणे कोणाला जमलेले नाही. काही वेळा उत्तर ‘नको’ असेच असते आणि मग हेलिकॉप्टरची वाट पाहिली जाते.

होडी सोडण्यापेक्षा परत घेणे अवघड. सोडताना वेळ निवडता येतो. परतताना होडीत थकलेले, भिजलेले, कदाचित जखमी लोक असतात आणि दोन वेगवेगळ्या वजनांच्या वस्तू एकाच लाटेवर वेगवेगळ्या तालात वरखाली होत असतात. यारीच्या दोराचा आकडा अडकवायचा तो त्या हेलकाव्यात.

म्हणूनच २००६ साली सेवेत आलेल्या ‘टेमर’ वर्गात संस्थेच्या अभिकल्पकांनी छतावरची जागा सोडली. १६ मीटरच्या त्या नौकेच्या पिछाडीत, डेकखाली, एक कप्पा आहे. मागची फळी बिजागरावर उघडते, रबरी होडी त्यातून पाण्यात सरकते आणि परत येताना त्याच तोंडातून आत ओढून घेतली जाते. ‘थिओडोर हॉइस’च्या पिछाडीतल्या उताराशी तिचे साम्य ध्यानात यायला आकृती पाहण्याची गरज नाही, मध्ये जवळपास ५० वर्षे गेली, एवढेच.

हेलगोलँडजवळ सापडलेली रिकामी ‘अडोल्फ बेर्मपोल’ दुरुस्त करून पुन्हा सेवेत आणली गेली. जर्मन संस्थेने कन्यानौकांची पद्धत सोडली नाही. त्या रात्री नौकेचे तांडेल होते पाउल डेंकर. पुढे संस्थेच्या बचावनौकांना त्यांचे आणि त्यांच्या तिघा सहकाऱ्यांचे नाव देण्यात आले.